१२० मेगाहर्ट्झवरचा सुळका

चाचणीच्या खोलीचं जाड दार लागलं की आधी कानांना कळतं. भिंतींना आणि छताला फोमचे निळे शंकू लावलेले असतात. रेडिओलहरी आपटून परत येऊ नयेत म्हणून ते असतात, पण आवाजही त्यांच्यात मुरतो. बोललेला शब्द तोंडाजवळच विरून जातो. मधोमध एक फिरतं टेबल, त्यावर माझं उपकरण: तापमान नोंदवून ठेवणारं, तळहाताएवढं, आठ महिन्यांच्या कामाचं. समोर ३ मीटरवर अँटेना, उपकरणातून नको असताना बाहेर पडणाऱ्या रेडिओलहरी मोजणारी. दार लावून आपण बाहेर यायचं, मग टेबल सावकाश गोल फिरतं, अँटेना खांबावर १ मीटरपासून ४ मीटरपर्यंत चढते-उतरते, आणि आपण पडद्यावर आलेख उमटताना बघत बसतो.

आलेख ३० मेगाहर्ट्झपासून सुरू झाला. ७२ वर एक सुळका आला तो मर्यादेच्या लाल रेषेला टेकून किंचित वर गेला, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. १२० वर आला तो मात्र थेट रेषा ओलांडून गेला. मर्यादा ४० डेसिबेलची, म्हणजे ३ मीटरवर दर मीटरमागे १०० मायक्रोव्होल्ट. माझं उपकरण ४७ वर होतं. सात डेसिबेल जास्त म्हणजे दुपटीहून अधिक. चाचणी घेणारे इंजिनिअर अनुभवी होते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, केबल काढून एकदा बघू या का?"

त्या एका प्रश्नातून पुढचे तीन आठवडे उभे राहिले. सर्किट मी कॉलेजपासून करते आहे, पण विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणजे काय, हे मला खऱ्या अर्थाने त्या तीन आठवड्यांत समजलं. तेव्हा मला कुणी मराठीत नीट सांगायला हवं होतं, म्हणून आता मी लिहिते आहे.

आमच्यात याला सरसकट 'नॉइज' म्हणतात. नॉइज येतोय, नॉइज मारतोय. जणू तो बाहेरून उडत येतो आणि आपल्या बोर्डावर बसतो. लहानपणी रेडिओ ऐकताना ट्यूबलाइट लावली की खरखर यायची, तेव्हापासून मनात हेच चित्र बसलेलं. ते चुकीचं आहे असं नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट दिसते. त्या ट्यूबलाइटच्या जागी आता माझं उपकरण होतं, आणि खरखर दुसऱ्या कुणाच्या तरी रेडिओत होणार होती.

हे नियम मुळात आलेच रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी. घराघरांत रेडिओ पोहोचले आणि मोटारी, ट्राम, घरगुती यंत्रं यांची खरखर त्यांत घुसायला लागली, म्हणून १९३४ मध्ये सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिच्या मोजणीच्या पद्धतीत एक गोष्ट मला फार आवडते. त्यात 'क्वासी-पीक' नावाचा डिटेक्टर वापरतात. क्वचित एखादी टिक करणारा नॉइज त्याच्यावर कमी भरतो, आणि सारखी खरखर करणारा जास्त. कारण ऐकणाऱ्या माणसाला सततच्या खरखरीचा त्रास जास्त होतो. नव्वद वर्षांपूर्वी रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाचं वैतागणं आजही त्या मोजणीत आहे. आलेखाकडे बघताना मला तो माणूस आठवतो, आणि मग ती लाल रेषा जाचक वाटत नाही.

तर केबल काढली. सेन्सरची १.२ मीटर लांबीची, शील्ड (तारांवर धातूच्या जाळीचं आवरण) असलेली केबल. पुन्हा आलेख काढला आणि १२० चा सुळका जवळजवळ गायब.

मला आनंद झाला, आणि पाच मिनिटांत तो ओसरला. सेन्सरच्या वायरमध्ये आहे काय? सेकंदाला एकदा तापमान वाचायचं, बाकी वेळ स्थिर डीसी व्होल्टेज. त्या वायरमध्ये १२० मेगाहर्ट्झचं काहीच नाही. मग ती ओरडते कशी?

आधी १२० कुठून येतं ते शोधायचं होतं. सुळके होते ७२, १२०, १६८ आणि २१६ वर. दोन सुळक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी ४८. माझा मायक्रोकंट्रोलर ४८ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे मी लगेच त्याला आरोपी ठरवलं आणि अख्खा दिवस त्याच्याभोवती घालवला. सप्लायच्या पिनांवर कपॅसिटर बदलले, आणखी लावले. सुळका ढिम्म. संध्याकाळी कागदावर ४८ चा पाढा लिहिला: ४८, ९६, १४४, १९२. यातला एकही आकडा आलेखावर नव्हता. मग २४ चा लिहिला आणि त्यातल्या विषम पटी बघितल्या: तिप्पट ७२, पाचपट १२०, सातपट १६८, नऊपट २१६. चौरस लहरीत, तिचा वरचा आणि खालचा काळ समान असेल तर, मूळ फ्रीक्वेन्सीच्या विषम पटीच जोरात असतात आणि सम पटी जवळजवळ नसतातच. म्हणून अंतर ४८ चं, पण मूळ २४ चं. आणि २४ मेगाहर्ट्झवर माझ्या बोर्डात एकच गोष्ट चालते: डिस्प्लेला जाणाऱ्या डेटाचा ठेका धरणारा क्लॉक, म्हणजे सारखी वर-खाली होणारी चौरस लहर. डिस्प्ले बंद ठेवून बोर्ड चालू केला आणि सगळे सुळके एकदम खाली बसले.

म्हणजे ओरडणारा डिस्प्लेचा क्लॉक, आणि आवाज बाहेर पडतो सेन्सरच्या केबलमधून. दोघं बोर्डाच्या दोन विरुद्ध टोकांना. मधे एकही जोडणी नाही, एक गोष्ट सोडून. ती म्हणजे ग्राउंड, बोर्डावरच्या सगळ्या भागांची सामायिक शून्य व्होल्टची जोडणी.

इथे थोडं सावकाश जायला हवं, कारण सगळं इथेच आहे. करंट कधी एकटा जात नाही. क्लॉकच्या पिनमधून निघालेला प्रत्येक थेंब डिस्प्लेपर्यंत जातो आणि ग्राउंडमधून परत येतो. सर्किटच्या आकृतीत परतीची वाट काढतच नाहीत, तीन आडव्या रेघांचं एक चिन्ह काढतात आणि विषय संपतो. पण बोर्डावर ती वाट खरोखर कुठून तरी जाते. फ्रीक्वेन्सी कमी असेल तर करंट सगळ्यात कमी रेझिस्टन्सच्या वाटेने, ऐसपैस पसरून परत येतो. काही मेगाहर्ट्झच्या वर गेलं की त्याला इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा विरोध, जास्त नडतो, आणि तो जाणाऱ्या ट्रेसच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेच्या) बरोब्बर खालून, सावलीसारखा परत येऊ पाहतो. जाणं आणि येणं एकमेकांना चिकटून असलं की दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, आणि दुरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

आता माझ्या बोर्डात काय होतं? डिस्प्लेला जाणारी दहा तारांची रिबन केबल. क्लॉक तिसऱ्या तारेवर, ग्राउंड फक्त दहाव्या तारेवर. म्हणजे जाणारा आणि येणारा करंट यांच्यामध्ये केबलची जवळजवळ सगळी रुंदी. शिवाय कनेक्टरच्या खाली ग्राउंडच्या तांब्यात साधारण २ सेंटिमीटरची फट होती. एका ट्रेसला जागा मिळेना म्हणून तो मी ग्राउंडचं तांबं कापून तिथून आडवा काढला होता. काढताना दोन सेकंदही विचार केला नव्हता. परतणाऱ्या करंटला ती फट वळसा घालून ओलांडावी लागत होती. वळसा म्हणजे इंडक्टन्स, आणि इंडक्टन्समधून झपाट्याने बदलणारा करंट गेला की त्याच्या दोन टोकांत व्होल्टेज येतं. थोडंच, काही मिलिव्होल्ट. पण त्यामुळे माझ्या 'ग्राउंड'चं एक टोक दुसऱ्या टोकाच्या तुलनेत १२० मेगाहर्ट्झने थरथरत होतं. आणि त्या थरथरणाऱ्या टोकालाच मी सेन्सरच्या केबलचं शील्ड जोडलं होतं.

अख्खी केबल, तिच्या सगळ्या तारा आणि वर शील्ड, एकजिनसी अँटेनासारखी हलत होती. याला कॉमन मोड म्हणतात: सगळ्या तारांमध्ये करंट एकाच दिशेने, आणि परतीची वाट हवेतून, आजूबाजूच्या धातूंतून. १२० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.५ मीटर असते. माझी केबल १.२ मीटरची, म्हणजे जवळजवळ निम्मी. अँटेना म्हणून मुद्दाम कापली असती तरी याहून चांगली कापता आली नसती. बाकीच्या सुळक्यांपेक्षा १२० चाच इतका उंच का, याचं उत्तरही त्यात होतं.

आकडे बघितले तेव्हा मी हादरले होते. १ मीटरच्या केबलमध्ये ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोअँप कॉमन मोड करंट असला, तर ३ मीटरवर साधारण १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र तयार होतं, म्हणजे घरगुती वापराच्या उपकरणांची मर्यादा संपली. तेवढंच क्षेत्र बोर्डावर करंटच्या जाण्या-येण्याने तयार होणाऱ्या १ चौरस सेंटिमीटरच्या लूपमधून निर्माण करायचं तर त्याच फ्रीक्वेन्सीला साधारण ४५ मिलिअँप लागतात. कुठे ५ मायक्रो आणि कुठे ४५ मिलि! म्हणून केबल काढल्यावर सुळका पडला. बोर्ड छोटा आहे, तो स्वतः फार लांब ओरडू शकत नाही. त्याला भोंगा मिळाला केबलचा.

हे कळण्याआधी मी जे जे करून बघितलं, तेही सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात.

पहिलं, अॅल्युमिनियमचा फॉइल. अख्खा डबा फॉइलमध्ये गुंडाळला. काही फरक नाही. फॅरेडेचा पिंजरा, म्हणजे विद्युतक्षेत्र अडवणारी धातूची पेटी, १८३६ पासून सगळ्यांना ठाऊक आहे, पण पिंजऱ्यातून एक वायर तशीच बाहेर काढली की आतली थरथर तिच्यावर बसून बाहेर येते. पिंजरा मग असून नसल्यासारखा. आणि धातूचा डबा घेतला तरी फटींचं क्षेत्रफळ बघून चालत नाही, लांबी बघावी लागते. झाकणाच्या कडेची कागदाएवढी अरुंद पण १५ सेंटिमीटर लांब फट १ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी भरते आणि उत्तम अँटेना होते. त्याच झाकणाला शंभर बारीक भोकं पाडली तरी इतकं बाहेर येत नाही. म्हणून झाकणाला जवळजवळ स्क्रू हवेत.

दुसरं, अर्थिंग. आमच्याकडे कुठल्याही न समजणाऱ्या बिघाडाचं निदान 'अर्थिंग नीट नाही' असं होतं. शॉक लागू नये म्हणून अर्थिंग हवंच, त्यात तडजोड नाही. पण त्या वायरला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. ३० मेगाहर्ट्झला एक मीटर वायर म्हणजे जवळजवळ १९० ओहम. १२० मेगाहर्ट्झच्या करंटला त्या वाटेने जमिनीत जा म्हणून सांगणं व्यर्थ आहे. त्याला जमिनीत जायचंच नाही. त्याला तो जिथून निघाला त्या पिनच्या ग्राउंडला परत जायचं आहे.

तिसरं, फेराइटचा क्लिप, म्हणजे केबलभोवती बसणारी चुंबकीय सिरॅमिकची कडी. तो केबलवर चढवला तर सुळका ४ डेसिबेलने खाली आला. फेराइट वाईट नाही. त्या फ्रीक्वेन्सींना तो रेझिस्टन्ससारखा वागतो आणि नॉइजची उष्णता करतो. केबलचा दुसरा वेढा त्यातून घेतला तर अडथळा जवळजवळ चौपट होतो, हेही खरं. पण निदान न करता दिलेलं औषध म्हणून मी तो त्या दिवशी काढून ठेवला. कारण कळेपर्यंत तो लावायचा नाही असं ठरवलं. आजही मला हाच क्रम बरोबर वाटतो.

मग टेबलावर आणलं. दर वेळी चाचणीची खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी तिथे तास मोजून असतात. त्यामुळे घरी मोजायची दोन साधनं बनवली. दोन्ही अर्ध्या तासाची.

पहिलं म्हणजे वास घेणारी कडी. मधे एक तार आणि भोवती जाळी असलेल्या बारीक कोअॅक्स केबलचं टोक सोललं, आतली तार बाहेर काढून १ सेंटिमीटर व्यासाची कडी वाकवली, आणि टोक परत बाहेरच्या जाळीला डाग देऊन जोडलं. वर इन्सुलेशनची नळी, म्हणजे चालू बोर्डावर टेकली तरी शॉर्ट होणार नाही. दुसरं टोक स्पेक्ट्रम अॅनालायझरला, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या यंत्राला. ही कडी बोर्डावरून फिरवायची, स्टेथोस्कोप फिरवतात तशी. क्लॉकच्या ट्रेसवर धरली की १२० उसळी घेतो. तिथेच चिमटीत धरून पाव फेरी वळवली की तो जवळजवळ नाहीसा होतो. कडीचं प्रतल ट्रेसच्या रेषेत असताना सगळ्यात जास्त, आडवं असताना सगळ्यात कमी. म्हणजे करंट कुठे आहे एवढंच नाही, तो कोणत्या दिशेने जातो आहे हेही ती कडी सांगते. मी ती रिबनच्या कनेक्टरपाशी नेली, आणि जिथे एकही ट्रेस नव्हता अशा कोऱ्या तांब्यावर, फटीच्या टोकाशी धरली. तिथे १२० क्लॉकच्या ट्रेसइतकाच जोरात होता. वळवून दिशा बघितली: करंट फटीच्या टोकाला वळसा घालत होता. जे कागदावर मांडलं होतं ते माझ्या चिमटीत दिसत होतं. मी ती कडी किती तरी वेळ तिथेच पुढे-मागे करत राहिले.

दुसरं साधन म्हणजे करंट मोजणारा क्लिप. फेराइटच्या उघडणाऱ्या क्लिपवर बारीक तारेचे ५ वेढे घेतले आणि ती टोकं कोअॅक्सला जोडली. क्लिप सेन्सरच्या केबलवर बसवायचा. ५० ओहमच्या इनपुटवर ५ मायक्रोअँपला ५० मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे अॅनालायझरवर ३४ डेसिबेल-मायक्रोव्होल्ट. अचूक मोजणी नव्हे, पण त्या आकड्याच्या खूप वर असलात तर चाचणीला जाऊ नका, एवढं तो बिनचूक सांगतो.

दुरुस्तीला लागले. रिबनमध्ये तारांची जागा बदलली. क्लॉकच्या एका बाजूला ग्राउंड, दुसऱ्या बाजूलाही ग्राउंड, यासाठी डिस्प्लेच्या न वापरलेल्या दोन तारा कामी आल्या. क्लिपवरचा आकडा फक्त २ डेसिबेलने उतरला. एवढी खटपट करून दोनच? मी ती दुरुस्ती परत काढून टाकणार होते. नशिबाने काढली नाही.

ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती असं मला फार वाटतं. छप्पर चार ठिकाणी गळत असेल तर एक भोक बुजवून खाली ठेवलेली बादली भरायची थांबत नाही. म्हणून ते भोक बुजवणं चुकीचं ठरत नाही. केलेली प्रत्येक दुरुस्ती तशीच ठेवायची, पुढची करायची, आणि सगळं मर्यादेत आलं की मग एकेक काढून बघायचं की कशावाचून चालतं. आम्ही सगळे उलट करतो. एक उपाय लावतो, फरक पडला नाही म्हणून काढतो, दुसरा लावतो, तोही काढतो, आणि शेवटी म्हणतो की काहीच लागू पडत नाही.

मग फट. तांब्याच्या पातळ पट्टीचा ३ सेंटिमीटरचा तुकडा कापला. फटीच्या दोन्ही बाजूंचा हिरवा थर ब्लेडने खरवडला तेव्हा खालचं तांबं गुलाबी चमकायला लागलं. आडव्या ट्रेसवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा, वीज न वाहणारा) लावला आणि पट्टी वरून पुलासारखी टाकली. डाग नुसता टोकांना दिला नाही, पट्टीच्या दोन्ही कडा अख्ख्या लांबीभर सोल्डरने भरून घेतल्या, कारण अरुंद जोड म्हणजे पुन्हा इंडक्टन्सच. ग्राउंडचं तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे सोल्डर वाहायला वेळ लागला. वाहिलं तेव्हा एकदम चकचकीत होऊन कडेला चिकटलं. अॅनालायझरकडे बघितलं. आणखी ५ डेसिबेल खाली.

तिसरं, क्लॉकच्या पिनजवळ ६८ ओहमचा रेझिस्टर. माझ्या क्लॉकची कड दीड नॅनोसेकंदात चढत होती. डिस्प्लेला एवढ्या घाईची काहीच गरज नव्हती. रेझिस्टरने ती साधारण ४ नॅनोसेकंदांवर आली. कड किती वेगाने चढते यावर वरच्या फ्रीक्वेन्सींची ताकद ठरते. पाय (३.१४) आणि चढण्याचा वेळ यांच्या गुणाकाराने १ ला भागलं की जी फ्रीक्वेन्सी येते, तिच्या पुढे सुळके झपाट्याने उतरतात. दीड नॅनोसेकंदाला ती २१२ मेगाहर्ट्झ येते, चारला ८०. म्हणून १२० ला या रेझिस्टरने ३ च डेसिबेल दिले, पण २१६ ला ८ दिले, आणि ७२ ला काहीच नाही. हिशेब आणि मोजणी इतकी जुळलेली बघून फार बरं वाटलं. क्लॉकचा वेग मोजताना आपण मेगाहर्ट्झ बघतो. त्यापेक्षा त्याची कड बघायला हवी. कमी वेगाचा क्लॉकही तीक्ष्ण कडेचा असला की शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत ओरडतो.

शेवटचं, शील्ड. मी शील्डची जाळी पिळून तिची ३ सेंटिमीटरची शेपटी केली होती आणि ती बोर्डाच्या ग्राउंडला डाग देऊन जोडली होती. सगळे करतात तसंच. पण वायरचा इंडक्टन्स मिलिमीटरमागे साधारण १ नॅनोहेन्रीच्या आसपास असतो. तेवढ्या शेपटीचा १२० मेगाहर्ट्झला अडथळा वीसेक ओहम. शील्डचा सगळा उपयोग त्या शेपटीपाशी संपत होता. केबलचं वरचं आवरण सोलून जाळी तशीच गोल ठेवली आणि धातूच्या खोगिरासारख्या क्लॅम्पने ती डब्याच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर, केबल आत शिरते तिथेच, चहूबाजूंनी दाबून बसवली. बोर्डाचं ग्राउंडही त्याच कोपऱ्यात पत्र्याला जोडलं. आणखी ४ डेसिबेल.

आतल्या दोन तारा आधीच पिळाच्या होत्या. पिळाच्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं, टेलिफोनच्या तारांमधलं शेजारचं बोलणं घालवण्यासाठी. प्रत्येक वेढ्यात उचललेला नॉइज पुढच्या वेढ्यात उलटा येतो आणि खोडला जातो. ही युक्ती आजही जशीच्या तशी चालते. मात्र कॉमन मोडसमोर ती दुबळी आहे. तिथे दोन्ही तारा मिळूनच हलत असतात.

आता एक जुनी तक्रार. हे उपकरण वापरून बघणाऱ्या एकाने सांगितलं होतं की मोबाईल केबलजवळ ठेवला की तापमान दोन-तीन अंशांनी उडी मारतं. आम्ही सेन्सर खराब म्हणून दोनदा बदलून दिला होता. सेन्सरची काही चूक नव्हती. जी केबल नॉइज बाहेर टाकते तीच तो आतही घेते. मोबाईलची लहर केबलवर बसून अँप्लिफायरच्या इनपुटला पोहोचत होती. तिथले ट्रान्झिस्टर डायोडसारखे वागून तिचं डीसी बनवत होते, आणि माझं सॉफ्टवेअर त्या डीसीला इमानाने तापमान समजत होतं. क्लॅम्प बसवल्यावर आणि इनपुटला कनेक्टरच्या अगदी जवळ एक छोटा रेझिस्टर-कपॅसिटर लावल्यावर मोबाईल केबलवर ठेवून फोन लावला. आकडा हलला नाही. त्या माणसाला मी कळवलं की दोष आमच्या जोडणीत होता.

कपॅसिटरचं थोडक्यात, कारण पहिला दिवस मी त्यांच्यावरच घालवला होता. १०० नॅनोफॅरडच्या छोट्या सिरॅमिक कपॅसिटरला जोडणीसकट साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स धरला, तर तो १६ मेगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतो. त्यापुढे तो कपॅसिटर राहत नाही, इंडक्टर होतो. म्हणून त्याची किंमत बदलत बसण्यापेक्षा तो पिनच्या किती जवळ आहे आणि ग्राउंडपर्यंतची वाट किती आखूड आहे, हे आधी बघावं. स्विचिंग सप्लायमध्येही हेच: इनपुटचा कपॅसिटर आणि स्विच यांच्यातला लूप जितका लहान करता येईल तितका करायचा, कारण तिथे करंट तोडून-जोडून वाहतो. आणि अॅडॉप्टरमधून परत लाइनमध्ये जाणारा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झचा नॉइज रोखायला फिल्टर लावाल, तर लाइन आणि अर्थ यांच्यामधला कपॅसिटर 'वाय' वर्गाचाच हवा. तो फुटला तर उघडा राहावा, शॉर्ट होऊ नये, असा बनवलेला असतो. त्याच्या जागी साधा कपॅसिटर कधीही, एका दिवसासाठीसुद्धा, लावू नका. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

तीन आठवड्यांनी पुन्हा ती खोली, तेच फिरतं टेबल, तेच इंजिनिअर. बोर्डावर तांब्याची पट्टी, कॅप्टॉन टेप आणि माझ्या हाताने लावलेला रेझिस्टर. टेबल फिरलं, अँटेना चढली. १२० वर आलेख ३३ ला थांबला. १६८ आणि २१६ नुसत्या लाटांसारखे. ७२ वर ३७.

"झालं की मॅडम," ते म्हणाले. झालं होतं. पण ७२ मर्यादेच्या तीनच डेसिबेल खाली आहे, आणि दहा बोर्डांमधला एखादा तीन डेसिबेल सहज इकडेतिकडे असतो. रेझिस्टर तिथे पोहोचत नाही, तिथे फक्त परतीची वाटच कामाला येईल. नव्या बोर्डात ग्राउंडचा आतला थर अखंड ठेवला आहे आणि तो आडवा ट्रेस दुसऱ्या थरात नेला आहे. तो ट्रेस हलवायला मला वीस मिनिटं लागली. बोर्ड पुढच्या आठवड्यात हातात येईल. कडी आणि क्लिप दोन्ही टेबलावर काढून ठेवले आहेत.